थरांच्या आधारावर पहिला उत्प्रेरक : पुण्यातल्या नवख्या संशोधकासाठी

एमएस्सी संपली, पीएचडीला किंवा प्रोजेक्टवर नाव लागलं, आणि पहिल्याच आठवड्यात सर जाता जाता म्हणाले, "हायड्रोटॅल्साइटवर कोबाल्ट-मॉलिब्डेनम बसवून बघ जरा. आठवड्याभरात होईल." हे 'आठवड्याभरात' मीही ऐकलं होतं. मला साडेचार महिने लागले. त्यातले दोन महिने केवळ एका गैरसमजापायी गेले : सपोर्ट, म्हणजे धातूखालचा आधार, हे नुसतं धातू ठेवायचं ताट आहे, असं मी धरून चाललो होतो. हायड्रोटॅल्साइटसारखे थरांचे पदार्थ ताटासारखे गप्प बसत नाहीत. पाणी मिळालं की जागे होतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, तापवले की कोसळतात आणि ओले केले की पुन्हा उभे राहतात. म्हणून या लेखात धातूपेक्षा सपोर्टबद्दलच जास्त लिहिलं आहे.

आधी, हे कशासाठी करायचं

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. पेट्रोल-डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग. त्याआधीच्या बीएस-४ मध्ये ती ५० होती. तेलशुद्धीकरण कारखान्यात गंधक काढायचा नेहमीचा मार्ग म्हणजे हायड्रोजनच्या दाबाखाली उत्प्रेरकावरून तेल वाहवणं. गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातं. या प्रक्रियेला सगळे एचडीएस (हायड्रोडिसल्फरायझेशन) म्हणतात. उत्प्रेरकात मॉलिब्डेनम सल्फाइडचे बारीक पापुद्रे असतात, त्यांच्या कडांवर कोबाल्ट किंवा निकेल बसलेलं असतं आणि हे सगळं बहुतेक ठिकाणी गॅमा अ‍ॅल्युमिनावर पसरलेलं असतं.

मग अ‍ॅल्युमिना सोडून थरांच्या मागे का लागायचं? एक कारण पेट्रोलचं आहे. पेट्रोलमधलं बहुतेक गंधक एफसीसी युनिटमधून (जड तेल तोडणाऱ्या भागातून) येणाऱ्या नाफ्थातून येतं, आणि त्याच नाफ्थात ऑलेफिन्स (दुहेरी बंध असलेले हायड्रोकार्बन) असतात. त्यांच्यावर ऑक्टेन टिकून असतो. गंधक काढता काढता ऑलेफिन्सनाही हायड्रोजन लागला तर पेट्रोल स्वच्छ होतं, पण ऑक्टेन घसरतो. अ‍ॅल्युमिनाच्या आम्लधर्मी जागांऐवजी मॅग्नेशियमचा अल्कधर्मी आधार दिला तर ऑलेफिन्स जास्त वाचतात आणि कोकही (कोळशासारखा थर) कमी साचतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. अर्थात कारखान्यात आजही अ‍ॅल्युमिनाचंच राज्य आहे. मॅग्नेशियमचा आधार मऊ असतो आणि ओलाव्याला भितो. हे पहिल्या दिवशीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या सेमिनारमध्ये कुणीतरी विचारतंच.

हायड्रोटॅल्साइट रिफायनरीत अगदीच परकं आहे असंही नाही. एफसीसीच्या रिजनरेटरमधून (उत्प्रेरकावरचा कोक जाळतात त्या भागातून) निघणारे गंधकाचे ऑक्साइड पकडायला मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचे याच घराण्यातले पदार्थ वापरतात. ते तिथे सल्फेट म्हणून गंधक धरतात आणि रायझरमध्ये (तेल तोडायच्या नळीत) जाऊन हायड्रोजन सल्फाइड म्हणून सोडून देतात. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांतही हेच घराणं आहे.

थर म्हणजे नक्की काय

दिवाळीत चिरोटे करताना पोळ्यांच्या मध्ये साटा लावतात, तुपात फेसलेलं तांदळाचं पीठ. साटा कमी पडला की पोळ्या एकमेकींना चिकटतात आणि तळताना पदर सुटत नाहीत. थरांच्या पदार्थांत पोळी आणि साटा दोन्ही असतात, आणि साट्याच्या जागी कोण बसलं आहे यावर सगळा खेळ चालतो.

दोन घराणी ओळखून ठेवा. पहिलं मातीचं. दौंड-इंदापूरकडच्या काळ्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच जमीन फुगून चिकट होते. त्या मातीत स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. त्यांच्या थरांवर ऋण भार असतो, म्हणून मध्ये सोडियम, कॅल्शियमसारखे धन आयन आणि पाणी बसतं. मॉन्टमोरिलोनाइट याच गटातलं. त्याचे थर सुकले की जवळजवळ मिटतात, अंतर ९.६ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतं. ते उघडे ठेवायचे तर अ‍ॅल्युमिनियमच्या १३ अणूंचा मोठा आयन आत घालून तापवतात. तो ऑक्साइडचा खांब होऊन उभा राहतो आणि अंतर १८ अँगस्ट्रॉमपर्यंत जातं. यूजीन हूद्रीने १९३०च्या दशकात पेट्रोल क्रॅक करायला आम्ल लावलेली मातीच वापरली होती, त्यामुळे या धंद्यात मातीचा मान जुना आहे.

दुसरं घराणं हायड्रोटॅल्साइटचं, आणि ते बरोबर उलटं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या थरात काही मॅग्नेशियमच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसतं. त्याचा भार एकाने जास्त, म्हणून थर धन भारित होतो आणि मधल्या जागेत ऋण आयन येतात, बहुतेक वेळा कार्बोनेट. हे खनिज १८४२ च्या सुमारास स्कँडिनेव्हियात सापडलं. निसर्गात ते दुर्मीळ आहे, पण प्रयोगशाळेत बनवायला स्वस्त. आपण याच्याच मागे जाणार आहोत. पहिल्या उत्प्रेरकासाठी मातीपेक्षा हे बरं, कारण खाणीतल्या मातीत लोह, क्वार्ट्झ आणि काय काय असतं. इथे जे आहे ते आपणच घातलेलं असतं.

पहिली पायरी : वजनं

मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण ३ : १ ठेवा. २ : १ पासून ४ : १ पर्यंत शुद्ध थर मिळतात, पण ३ : १ वर सगळ्यात जास्त लिहिलं गेलं आहे, त्यामुळे आपला एक्सआरडी (क्ष-किरणांनी काढलेला स्फटिकाचा आलेख) कुणाशी तरी ताडून पाहता येतो.

मॅग्नेशियम नायट्रेट हेक्साहायड्रेट ३८.५ ग्रॅम आणि अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट नोनाहायड्रेट १८.८ ग्रॅम २०० मिली पाण्यात. दुसऱ्या बीकरमध्ये कॉस्टिक सोडा १६ ग्रॅम आणि निर्जल सोडियम कार्बोनेट ५.३ ग्रॅम, तेही २०० मिलीत. कार्बोनेट गरजेच्या दुप्पट घेतलं आहे, मुद्दाम. पाणी डीआयोनाइज्डच. खडकवासल्याचं पाणी चहाला कितीही चांगलं असलं तरी त्यातलं क्लोराइड आणि कॅल्शियम इथे नको.

अ‍ॅल्युमिनियम नायट्रेट हवेतला ओलावा ओढतं. डब्याचं झाकण महिनाभर सैल राहिलं असेल तर तुम्ही तोलताय त्यात पाणी जास्त आणि अ‍ॅल्युमिनियम कमी. पावसाळ्यात नवा डबा उघडा, जुना बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला द्या.

दुसरी पायरी : थेंब थेंब

मोठ्या बीकरमध्ये १०० मिली पाणी, चुंबकीय ढवळणी आणि पीएच मीटरची काडी. मीटर ७ आणि १० च्या बफरवर आधी लावून घ्या. धातूंचं द्रावण एका बाजूने थेंब थेंब सोडायचं आणि अल्कलीचं दुसऱ्या बाजूने, अशा बेताने की पीएच १० च्या आसपास स्थिर राहील. दोन तास तरी लागतात. पंप असेल तर उत्तम, नसेल तर दोन ब्युरेट आणि एक मित्र.

घाईने ओतलं तर पीएच खालीवर होतो. कधी अ‍ॅल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड वेगळा बसतो, कधी मॅग्नेशियमचा, आणि मग एक्सआरडीत भलतेच डोंगर दिसतात. इथे वाचवलेला अर्धा तास पुढे आठवडा खातो.

नंतर ६५ अंशांवर १८ तास ढवळत ठेवा. हे काम बुधवारी रात्री लावू नका. गुरुवार हा पुण्यात दुरुस्तीचा वार. वीज गेली आणि जनरेटर सुरू होईपर्यंत हॉटप्लेट बंद पडली की ती आपोआप परत सुरू होईलच असं नाही. सकाळी थंड बीकर पाहून किती तास गेले हेच कळत नाही.

तिसरी पायरी : धुणं

कंटाळवाणं काम, पण बहुतेक सगळे इथेच फसतात. गाळल्यावर जो लगदा मिळतो तो शिळ्या खिरीसारखा असतो, गाळणीवर बसून राहतो. सेंट्रिफ्यूज असेल तर तोच वापरा. गरम पाण्याने धुवा आणि धुवणाचा पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत सोडू नका. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर आणखी चांगलं.

यात काढायचं आहे ते सोडियम. ते राहिलं तर तापवताना पृष्ठभागावर पसरतं, अल्कता भलतीच वाढवतं आणि पुढे मॉलिब्डेनमला धरून बसतं. तुमचा उत्प्रेरक मग मॅग्नेशियममुळे नाही, सोडियममुळे वेगळा वागतो, आणि हे तुम्हाला वर्षभराने आयसीपीच्या (मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टमधून कळतं. नायट्रेट गेलं का हे पाहायला बारावीची ब्राउन रिंग टेस्ट पुरते. तपकिरी कडी दिसली तर आणखी दोन वेळा धुवा.

धुवण पहिल्या खेपेला बरंच अल्कधर्मी असतं. पीएच उतरवूनच सोडा. पुढे कोबाल्ट आणि मॉलिब्डेनमची पाणी-सॉल्व्हंट येतील, ती तर सिंकमध्ये जाताच कामा नयेत. पाषाणातली रामनदी औंधला मुळेला मिळते, आणि ती आधीच पुरेशी भोगते आहे. कोबाल्टच्या कचऱ्याची वेगळी बाटली, नाव लिहून.

१०० अंशांवर रात्रभर वाळवा. हिशेबाने साधारण १५ ग्रॅम पांढरी पूड मिळायला हवी. १८ आली तर ओलावा किंवा मीठ राहिलं आहे. ११ आली तर सेंट्रिफ्यूजच्या नळ्यांत पाहा.

चौथी पायरी : धातू घालण्याआधी आरशात पाहा

हा माझा हट्ट आहे. एक्सआरडी झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. शहरात विद्यापीठात आणि मोठ्या संस्थांत यंत्रं आहेत, पण रांग असते, म्हणून संश्लेषण सुरू करतानाच वेळ मागून ठेवा.

तांब्याच्या क्ष-किरणांवर काय दिसायला हवं : पहिला उंच डोंगर ११.३ ते ११.७ अंशांवर. तो थरांमधलं अंतर सांगतो. ३ : १ च्या कार्बोनेट नमुन्यात ते सुमारे ७.८ अँगस्ट्रॉम. दुसरा डोंगर साधारण दुप्पट कोनावर, २३ अंशांपाशी. मग ६०.४ अंशांच्या आसपासचा लहान डोंगर. त्यावरून थराच्या आतलं धातू-धातू अंतर निघतं, सुमारे ३.०६ अँगस्ट्रॉम. अ‍ॅल्युमिनियम वाढलं की हे अंतर घटतं, म्हणजे तुमचं प्रमाण खरंच ३ : १ आलं का, याची फुकटची तपासणी.

पहिला डोंगर १० अंशांकडे सरकलेला दिसला तर मध्ये कार्बोनेटऐवजी नायट्रेट बसलं आहे. त्याला जागा जास्त लागते, ८.८ अँगस्ट्रॉम. कार्बोनेट विसरलात का ते वहीत पाहा.

जमलं तर टीजीएही (तापवत तापवत वजन मोजणं) करून घ्या. २०० अंशांपर्यंत मधलं पाणी जातं, त्यानंतर ४५० पर्यंत थरांचं हायड्रॉक्सिल आणि कार्बोनेट. शुद्ध पदार्थाची एकूण घट ४३ टक्के. तुमची ५० आली तर पूड ओली होती.

पाचवी पायरी : तापवणं

मफल फर्नेसमध्ये मिनिटाला २ ते ५ अंशांनी ४५० पर्यंत, तिथे ५ तास. पूड पसरट बशीत पातळ थरात ठेवा, खोल क्रुसिबलमध्ये खच्चून नाही. तळातून निघणाऱ्या वाफेला वाट मिळाली नाही तर ती वरच्या पुडीला शिजवते आणि पृष्ठभाग घटतो.

आता थर नाहीत. एक्सआरडीत ११ अंशांचा डोंगर जातो आणि ४३ व ६२.५ अंशांवर मॅग्नेशियम ऑक्साइडचे दोन बसके उंचवटे येतात. अ‍ॅल्युमिनियम त्यात विरघळल्यासारखं लपलेलं असतं. वजन ८.६ ग्रॅमच्या आसपास. बीईटी पृष्ठभाग (नायट्रोजन शोषून मोजलेला) ग्रॅमला १५० ते २५० चौरस मीटर. आपला सपोर्ट तो हाच.

आणि हा सपोर्ट विसरत नाही. ६०० अंशांच्या आत तापवलेली ही पूड पाण्यात टाकली की पाणी आणि हवेतलं कार्बोनेट ओढून थर पुन्हा बांधते. याला स्मृतिपरिणाम म्हणतात. खूप वर तापवलं, ९०० वगैरे, तर स्पिनेल (दोन्ही धातूंचं पक्कं मिश्र ऑक्साइड) तयार होतं आणि आठवण पुसली जाते, पण पृष्ठभागही जातो.

माझे दोन महिने गेले ते याच वाक्यात. अ‍ॅल्युमिनासाठीच्या पुस्तकी कृतीप्रमाणे मी अमोनियम हेप्टामॉलिब्डेट पाण्यात विरघळवलं आणि या पुडीवर ओतलं. पूड कोमट झाली. मला वाटलं, छान शोषलं जातंय. वाळवून एक्सआरडी केला तर ११ अंशांचा डोंगर परत हजर. थर पुन्हा उभे राहिले होते, मॉलिब्डेनम कुठे बाहेर, कुठे कडांवर, गठ्ठ्यांनी. परत तापवलं, पृष्ठभाग निम्म्यावर. मी तीनदा तेच केलं, दर वेळी पाणी थोडं बदलून. चौथ्यांदा एक सीनियर ताई शेजारून जाताना म्हणाली, "अरे, मग पाणी वापरतोसच कशाला?"

दुसरा किस्सा छोटा आहे. गणपतीच्या सुट्टीत तापवलेली पूड साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवून गावी गेलो. दहा दिवसांनी परत आलो तर वजन वाढलेलं आणि ११ अंशांपाशी हळूच एक उंचवटा. सप्टेंबरची पुण्याची हवा तेवढी पुरते. तेव्हापासून नियम : फर्नेस १५० अंशांवर आला की पूड काढायची, डेसिकेटरमध्ये थंड करायची, काचेच्या बाटलीत भरून पॅराफिल्म लावायची, आणि त्याच आठवड्यात वापरायची.

सहावी पायरी : मॉलिब्डेनम, पाण्याशिवाय

५ ग्रॅम सपोर्टचा हिशेब करू. शेवटी मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड १२ टक्के आणि कोबाल्ट ऑक्साइड ३ टक्के हवं. म्हणजे सपोर्ट ८५ टक्के, एकूण ५.८८ ग्रॅम. मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइड ०.७१ ग्रॅम, कोबाल्ट ऑक्साइड ०.१८ ग्रॅम. दोन्ही धातूंच्या अणूंत कोबाल्टचा वाटा ०.३२ येतो, जो या कामात सर्रास घेतात.

मॉलिब्डेनमसाठी मॉलिब्डेनिल अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट १.६ ग्रॅम. हेप्टामॉलिब्डेटपेक्षा महाग आहे, पण अल्कोहोलमध्ये चालतं. कोरड्या मिथेनॉलमध्ये कोमट करत विरघळवा, लागेल तेवढं घ्या. मग सपोर्ट त्यात टाकून बंद फ्लास्कमध्ये रात्रभर ढवळा. थोडं गढूळ राहिलं तरी घाबरू नका. निव्वळ मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडची पूड मिथेनॉलमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर ढवळत ठेवली तरी ती हळूहळू पृष्ठभागावर सरकते, अशीही एक रीत आहे.

रोटाव्हॅपवर (फिरत्या फ्लास्कमधून कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर) मिथेनॉल काढा. गुरुवारी बऱ्याचदा नळाला पाणी नसतं, तेव्हा कंडेन्सरची सोय आधी पाहा. मिथेनॉलचं काम हूडमध्येच, ज्योत जवळ नको. पूड पूर्ण कोरडी झाल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका.

तापवणं या वेळी सावकाश. मिनिटाला १ अंश, ४०० अंशांपर्यंत. अ‍ॅसिटिलअ‍ॅसिटोनेट जळताना स्वतःही उष्णता देतं, घाई केली तर पुडीच्या आत तापमान आपल्या मीटरपेक्षा बरंच पुढे जातं. ४५० च्या वर गेलात तर मॉलिब्डेनम मॅग्नेशियमशी संसार थाटतं, मॅग्नेशियम मॉलिब्डेट होतं आणि ते सल्फाइड व्हायला कुरकुर करतं. एक्सआरडीत १२.८ आणि २७.३ अंशांवर टोकदार रेघा दिसल्या तर मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडचे स्फटिक मोकळे पडलेत, पसरले नाहीत. काहीच नवं दिसलं नाही तर उलट आनंद माना.

सातवी पायरी : कोबाल्ट

इथे छिद्रं भरतील एवढंच द्रावण वापरायचं. छिद्रं किती, हे मोजायला अर्धा ग्रॅम पुडीवर थेंब थेंब द्रव टाकतात आणि पूड ओली चमकू लागली की थांबतात. फक्त तो द्रव पाणी नको, मिथेनॉल. कारण वर सांगितलंच.

कोबाल्ट नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.६९ ग्रॅम, मोजलेल्या मिथेनॉलमध्ये. त्याच्या स्फटिकातून पाव ग्रॅम पाणी येतं, ते चालतं. हातमोजे घाला, कोबाल्टचे क्षार अंगाला चांगले नाहीत. वाळवताना लक्षात ठेवा, नायट्रेट आणि अल्कोहोल एकत्र आहेत : आधी हूडमध्ये उघड्यावर, मग ६० अंशांवर, मग १००, आणि शेवटी ४०० अंशांवर तापवणं, तेही सावकाश.

रंग पाहा. पूड ठळक निळी झाली तर कोबाल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्यात शिरला आहे आणि तिथे तो कामाचा नाही. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्येही कोबाल्ट विरघळतो. एक्सआरडीवर इथे फार विसंबू नका. कोबाल्टच्या ऑक्साइडची मोठी रेघ ३६.८ अंशांवर येते आणि मॅग्नेशियम ऑक्साइडची एक बारीक रेघ तिथेच असते. दोघांत भांडण लावून निकाल देणं अवघड.

एक आडवाट : काही जण तापवण्याआधीच, थर शाबूत असताना, मॉलिब्डेट आयन साट्याच्या जागी घालतात. कल्पना सुंदर आहे. पण कार्बोनेट जागा सोडत नाही, सगळ्या साध्या आयनांत त्याची पकड घट्ट. त्यामुळे नायट्रेटचे थर नायट्रोजनखाली, उकळून गार केलेल्या पाण्यात बनवावे लागतात. आणि हेप्टामॉलिब्डेट टिकण्यासाठी पीएच ५ च्या खाली न्यावा लागतो, तिथे मॅग्नेशियमचे थर विरघळायला लागतात. पहिल्या वर्षी या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

आठवी पायरी : सल्फाइड करणं

हे एकट्याने करायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यांचा वास आला की सावध व्हायचं हे सगळ्यांना माहीत असतं. वास *यायचा बंद* झाला की जास्त सावध व्हायचं, हे कमी जणांना. हवेत दहा लाखांत १०० भागांच्या आसपास नाक बधिर होतं. भिंतीवरचा डिटेक्टर चालू आहे का, हे पाहूनच सिलिंडर उघडा.

नळीच्या रिअ‍ॅक्टरमध्ये हायड्रोजनमध्ये १० टक्के हायड्रोजन सल्फाइड, ३५० ते ४०० अंश, ३ तास. गॅसचं सिलिंडर नसेल तर डेकेनमध्ये डायमिथाइल डायसल्फाइड मिसळून हायड्रोजनबरोबर सोडतात. एक चूक टाळा : गंधक सुरू करण्याआधी नुसत्या हायड्रोजनमध्ये उत्प्रेरक तापवू नका. मॉलिब्डेनमचं क्षपण होऊन बसलं की नंतर त्याचं सल्फाइड नीट होत नाही. थंड झाल्यावर उत्प्रेरक हवेत न काढता डेकेनमध्ये बुडवून ठेवा.

नववी पायरी : चाचणी

डायबेंझोथायोफीन (गंधक असलेलं वलयी संयुग) ०.२८७ ग्रॅम आणि डेकेन १०० ग्रॅम म्हणजे गंधक दहा लाखांत ५००. ऑटोक्लेव्हमध्ये ३२० अंश, ४० बार हायड्रोजन, दर अर्ध्या तासाला नमुना जीसीला (गॅस क्रोमॅटोग्राफला). बायफिनाइल जास्त आलं तर गंधक सरळ तुटतं आहे. सायक्लोहेक्सिलबेंझिन जास्त आलं तर आधी वलयाला हायड्रोजन लागतो आणि मग गंधक सुटतं.

पण आपण अल्कधर्मी आधार घेतला होता ऑलेफिनसाठी, हे विसरायला होतं. तेव्हा दुसरी चाचणी थायोफीन (गंधकाचं संयुग) आणि १-हेक्सिन (ऑलेफिन) यांच्या मिश्रणावर करा. गंधक किती गेलं आणि हेक्सिन किती वाचलं, हे दोन आकडे शेजारी ठेवा. आपल्या सपोर्टचा गुण याच चाचणीत दिसेल, डायबेंझोथायोफीनमध्ये कदाचित तो अ‍ॅल्युमिनापुढे फिका पडेल.

सोबत तीन चाचण्या हव्यातच : रिकामा रिअ‍ॅक्टर, नुसता सपोर्ट, आणि गॅमा अ‍ॅल्युमिनावर तेवढाच मॉलिब्डेनम-कोबाल्ट. उत्प्रेरकांची तुलना रूपांतर ३० टक्क्यांच्या आसपास असताना करा. ९८ विरुद्ध ९९ टक्के पाहून कोण चांगला हे कळत नाही, सगळेच पहिले येतात.

पुण्यात उत्प्रेरकांच्या कामाची ओळ जुनी आहे. १९५० मध्ये पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९८०च्या दशकात तिथे घडलेला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीत झायलिनच्या कामाला लागला. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर, बसस्टॉपवर, कुणी ना कुणी असा भेटतो ज्याने ही सगळी पापं आधी केली आहेत. विचारायला लाजू नका. मी लाजलो, तीन बॅच गेल्या.

पहिले आकडे चांगले आले की लगेच सरांकडे पळू नका. पहिल्या पायरीपासून नवी बॅच करा, नव्या वजनांनी, शक्य तर वेगळ्या महिन्यात. दोन्ही सपोर्टचे एक्सआरडी एकाच कागदावर एकाखाली एक छापा आणि ११ अंशांची जागा पेन्सिलने गोल करा. जूनमधल्या बॅचमध्ये त्या गोलात काही दिसलं आणि डिसेंबरमधल्या बॅचमध्ये नाही दिसलं, तर दोष उत्प्रेरकात नाही, बाटलीच्या झाकणात आहे.